दुरुस्त केलेली ओळ पुन्हा वाचा

हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी गेल्या आठवड्यात कुणाच्या तरी कोडखाली 'एलजीटीएम' ही चार अक्षरं लिहिली असतील. 'लुक्स गुड टू मी', म्हणजे 'मला ठीक वाटतंय'. लिहिण्याआधी कोड पूर्ण वाचला होता का, हे तुमचं तुम्हाला माहीत. आणि तो कोड एखाद्या जुन्या चुकीची दुरुस्ती असेल, तर आणखीच घाईत पुढे सरकला असेल. दुरुस्तीच तर आहे, तिच्यात काय बघायचं!

माझं म्हणणं उलट आहे. नव्या कोडपेक्षा दुरुस्ती जास्त काळजीने वाचली पाहिजे, आणि ती वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याच्या बरोबरीचा मान मिळाला पाहिजे. परदेशात सॉफ्टवेअरवर पोट भरणारे आपण मराठी लोक या दोन्ही बाबतींत सपशेल नापास आहोत. नुसतं असं म्हणून चालणार नाही, म्हणून २०२४ मधली एक दुरुस्ती तुमच्यासमोर उलगडून ठेवते. ज्यांचा संगणकाशी संबंध बँकेचं अ‍ॅप उघडण्यापुरताच आहे, त्यांनीही वाचावं. त्या अ‍ॅपच्या पलीकडचा सर्व्हर बहुधा लिनक्सवरच चालतो.

लिनक्सचा कर्नल म्हणजे यंत्राचा कारभारी. तुमचा प्रोग्रॅम त्याला सांगतो, "अमुक पत्त्यावर माझा मजकूर आहे, तो उचल आणि फाइलमध्ये लिही." हा मेमरीतला पत्ता प्रोग्रॅमने दिलेला असतो, आणि प्रोग्रॅम खोटारडा असू शकतो. स्वतःच्या जागेऐवजी तो कर्नलच्या खासगी जागेचा पत्ता देऊ शकतो, जिथे दुसऱ्यांचे पासवर्ड आणि किल्ल्या असतात. म्हणून कर्नलने दर वेळी विचारायचं: हा पत्ता माझ्या हद्दीतला तर नाही ना?

इंटेल आणि एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरवर ही हद्द ओळखणं सोपं दिसतं. पत्ता ६४ बिटांचा, पण नेहमीच्या रचनेत खालचे ४८ बिटच कामाचे (नव्या, मोठ्या रचनेत ५७). शून्यापासून मोजलं तर ४७ क्रमांकाच्या बिटाची नक्कल त्याच्या वरच्या सगळ्या बिटांत असली पाहिजे, असा नियम आहे. प्रोग्रॅमच्या पत्त्यात हे सगळे ०, कर्नलच्या पत्त्यात सगळे १. सर्वांत वर ० आणि ४७ व्या जागी १ असला मिश्र पत्ता अवैध. तो वापरायला गेलात की प्रोसेसर अडवतो.

मग तपासणीत अवघड काय? पत्ता हद्दीत असेल तर पुढे जा, नसेल तर नकार द्या. जानेवारी २०१८ पर्यंत एवढं पुरेसं वाटत होतं. त्या महिन्यात स्पेक्टर आणि मेल्टडाउन जाहीर झाले आणि सगळ्यांना कळलं की आजचे प्रोसेसर उत्तराची वाट बघत थांबत नाहीत. नेहमीचं गिऱ्हाईक दारात दिसलं की वेटर न विचारता चहा आणून ठेवतो, तसं हे. गिऱ्हाईक म्हणालं, "आज नको," तर चहा परत जातो. बिलात काही लागत नाही. पण टेबलावर कपाचा ओला गोल डाग राहतो. प्रोसेसरही 'पत्ता बरोबरच असेल' असं धरून पुढचं काम उरकतो आणि अंदाज चुकला तर ते रद्द करतो, पण कॅशमध्ये त्याचा डाग राहतो. किती वेळ लागला हे मोजून तो डाग वाचता येतो, आणि डागावरून गुपित.

यावर एक उपाय असा, की 'जर-तर' काढूनच टाकायचं आणि नुसतं अंकगणित ठेवायचं. पत्ता कर्नलच्या हद्दीतला असेल तर त्याचे सगळे बिट १ करायचे, म्हणजे तो कामाचाच राहत नाही. फाटा नाही तर अंदाज कशाचा बांधणार? हेच पत्त्याचं मास्किंग.

आता हा धागा कुठून कुठे गेला ते बघा. २०२३ मध्ये लिनक्स ६.४ ने इंटेलच्या 'लिनिअर अ‍ॅड्रेस मास्किंग' या सोयीला आधार दिला. नाव सारखं, काम वेगळं: इथे प्रोसेसर पत्त्याच्या वरच्या काही बिटांकडे काणाडोळा करतो, म्हणजे प्रोग्रॅमला तिथे स्वतःच्या खुणा ठेवता येतात. लिनक्सने अशा खुणांसाठी सहा बिट मोकळे केले. वरच्या बिटांत काहीही असू शकतं म्हटल्यावर हद्द ओळखायची कशी? उत्तर निघालं: सर्वांत वरचा, ६३ क्रमांकाचा बिट तेवढा बघा. ० असेल तर प्रोग्रॅमचा, १ असेल तर कर्नलचा. मधले अवैध पत्ते? ते प्रोसेसर अडवेलच. २०२४ मध्ये लिनक्स ६.१२ ची तयारी चालू असताना हाच विचार मास्किंगमध्ये आला. वरचा बिट सगळ्या ६४ जागी पसरवायचा आणि पत्त्याशी 'ऑर' करायचा. दोन सूचनांत काम संपलं. लिहिणारा होता खुद्द लिनस टॉरव्हॉल्ड्स.

चूक होती ती 'प्रोसेसर अडवेलच' या दोन शब्दांत. अडवेल हे खरं, पण कधी? जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं होतं की एएमडीचे काही प्रोसेसर अंदाजाने काम करत असतात त्या क्षणी पत्त्याचे खालचे ४८ बिटच बघतात. एएमडीने हे २०२१ मध्ये सीव्हीई-२०२०-१२९६५ या क्रमांकाखाली जाहीरही केलं. म्हणजे वर ० आणि ४७ व्या जागी १ असलेला मिश्र पत्ता आपल्या मास्कला प्रोग्रॅमचा वाटतो, मास्क त्याला सोडून देतो आणि अंदाजाच्या त्या निसटत्या क्षणात प्रोसेसर तोच पत्ता कर्नलचा म्हणून वाचतो. अडवतो, पण चहा ठेवून झाल्यावर.

मग २०२३ पासून सगळं उघडंच होतं का? नाही, आणि मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो भाग हाच. प्रोग्रॅमच्या मेमरीला हात लावण्याआधी आणि नंतर कर्नल 'स्टॅक' आणि 'क्लॅक' नावाच्या दोन सूचना चालवतो. एएमडीच्या जुन्या झेन प्रोसेसरांवर या सूचनांपाशी सगळं थांबायचं, म्हणून अंदाजाची खिडकी आपोआप बंद व्हायची. २०२४ मध्ये झेन ५ बाजारात आला. त्यात या सूचना बऱ्याच वेगवान केल्या होत्या आणि त्या वेगापायी खिडकी उघडली. २०२३ मधली ती ओळ तशीच होती. तिच्याखालची जमीन सरकली होती.

हे ध्यानात आणून दिलं ते कर्नलच्या बाहेर, हायपरवायझरवर काम करणाऱ्या एका अभियंत्याने. ऑक्टोबर २०२४ मध्ये दुरुस्ती आली आणि त्याचं नाव तिच्या तळाशी 'रिपोर्टेड-बाय' या ओळीत आहे. मी ते इथे देत नाही. दुरुस्ती उघडा आणि स्वतः वाचा. तुमच्याकडून मला हवं आहे ते एवढंच.

आता तपासणाऱ्याच्या खुर्चीत बसा. दुरुस्ती म्हणते: वरचा बिट बघू नका. प्रोग्रॅमच्या हद्दीचा शेवटचा पत्ता एका स्थिरांकात ठेवा, आलेल्या पत्त्याची त्याच्याशी तुलना करा, मोठा असेल तर सगळे बिट १ करा. मिश्र पत्ते या सीमेच्या वर आहेत, म्हणून तेही पकडले जातात. पटण्यासारखं आहे. लिहायचं का 'एलजीटीएम'?

थांबा. ही तुलना कंपायलर पुन्हा 'जर-तर'मध्ये बदलून टाकेल का? मग सगळं मुसळ केरात. म्हणून ती असेंब्लीत लिहिली आहे. सीमा ४८ बिटांच्या रचनेत वेगळी, ५७ च्या रचनेत वेगळी. ती ठरवणार कोण आणि कधी? कर्नल सुरू होताना ती थेट सूचनेच्या आत कोरली जाते. मग कोरण्याआधी कुणी ती वापरत नाही ना? तीच चुकीची समजूत आणखी कुठे आहे? मास्किंगमध्ये होती, साध्या तपासणीच्या फंक्शनमध्ये होती आणि मेमरीतून छोटी मूल्यं उचलणाऱ्या असेंब्लीतही होती. तिन्ही ठिकाणी हात लागला का? लिहिण्याच्या वाटेवर का नाही लावला? कारण तिथे बाहेर फुटेल असं वाचलेलं काही हाती येत नाही. हे पटतं का, स्वतः ताडून बघा. आणि इंटेलच्या त्या खुणांच्या बिटांचं काय? त्या वापरायच्या तर सीमा वर न्यावी लागणार.

एवढं विचारूनही एक प्रश्न राहतोच: सीमेवरच्या नेमक्या पत्त्याचं काय? काही ठिकाणी तपासणी बफरच्या शेवटच्या बाइटची नसते, त्याच्या पुढच्या पत्त्याची असते. बफर जर हद्दीच्या अगदी टोकाला संपत असेल, तर तो पुढचा पत्ता सीमेपेक्षा एकाने जास्त भरतो. बफर कायदेशीर, पण तपासणी म्हणते नाही. ही एकाची चूक दुरुस्तीत खरोखर होती. काही आठवड्यांत दुसऱ्या एका जाणकाराने दुरुस्तीची दुरुस्ती पाठवली आणि सीमा एकाने सरकली. बाहेर काही फुटलं नाही, आकाश कोसळलं नाही. पण बघा, जगातल्या सगळ्यांत अनुभवी हाताने, सगळ्यांचं लक्ष असताना केलेल्या दुरुस्तीतही हे राहिलं. मग तुमच्या माझ्या शुक्रवारी संध्याकाळच्या दुरुस्तीत काय काय राहत असेल?

इथे मला छापखाना आठवतो. लायनोटाइपच्या काळात एका अक्षराची चूक सुधारायची तर पूर्ण ओळ नव्याने ओतावी लागे. जुनी चूक जाई आणि त्याच ओळीत नवी शिरे. म्हणून मुरलेला मुद्रितशोधक दुसऱ्या प्रुफात सुधारलेली ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचत असे, नुसतं अक्षर बदललं का ते बघून पुढे जात नसे. आपण मात्र उलट करतो. तक्रार बंद झाली का, हिरवी खूण आली का, बस्स.

तुमचे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला: "आमच्याकडे टेस्ट आहेत." असतील. वर सांगितलेल्या चुकीत एकही नेहमीची टेस्ट नापास झाली नसती. अंदाजाने केलेलं काम प्रोसेसर रद्द करतो. दिसणारं उत्तर शंभर टक्के बरोबर असतं. चूक उत्तरात नव्हती, गृहीतकात होती. टेस्ट गृहीतक वाचत नाही. ते माणूस वाचतो, आणि ड्रेस्डेनचा तीन वर्षांपूर्वीचा इशारा लक्षात असलेला माणूस.

दुसरा: "ओपन सोर्स आहे, हजारो डोळे बघतात." २०१४ चा हार्टब्लीड विसरलात? ओपनएसएसएलमधली ती चूक दोन वर्षांहून जास्त काळ सगळ्या जगासमोर उघडी पडून होती. तिचीही तपासणी झालेली होती. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या लायब्ररीत मुद्दाम घुसवलेलं चोरदार सापडलं ते एका अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याची खटक लागली म्हणून. हजार डोळे उघडे असणं वेगळं आणि एका डोळ्याने वाचणं वेगळं.

तिसरा आक्षेप अलीकडचा: "आता हे सगळं एआय करेल." कोड लिहिण्याचा वेग वाढला हे मान्य. म्हणजे वाचायचा ढीगही वाढला. लिहिणं स्वस्त झालं की वाचणं महाग होतं, एवढं अर्थशास्त्र किराणा दुकानदारालाही समजतं.

चौथा आक्षेप मात्र खरा आहे: "आम्हाला त्याचे पैसे मिळत नाहीत." बरोबर. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात तुम्ही काय बांधलं ते विचारतात, काय अडवलं ते विचारत नाहीत. आमच्याकडे, संशोधनात, याहून वाईट आहे. नवा हल्ला शोधला तर त्याला नाव मिळतं, बोधचिन्ह मिळतं, परिषदेत भाषण मिळतं. हल्ले शोधणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. ड्रेस्डेनच्या कामाशिवाय ही दुरुस्ती झालीच नसती. पण भोक बुजवलं ते नीट बुजलं का, हे बघण्यात दोन आठवडे घालवले तर माझ्या बायोडेटात ते लिहायला रकाना नाही. नेमणुकीच्या समित्या विचारतात, "तुमचं स्वतःचं योगदान काय?" जणू दुसऱ्याचं काम खरं करून देणं हे योगदान नव्हेच.

मी धुतल्या तांदळाची नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका सहकाऱ्याने मेमरी मोजण्याच्या आमच्या साधनातली चूक दुरुस्त केली आणि माझ्याकडे तपासायला पाठवली. विमानतळावर होते. फोनवरच चाळली, "ठीक आहे" लिहिलं. दुरुस्तीने जुनी चूक घालवली होती आणि पत्त्याचा एक बिट चुकीच्या जागी झाकला होता. तीन आठवड्यांची मोजमापं फेकून द्यावी लागली. सहकाऱ्याने माफी मागितली. त्याने कशाला मागायची? त्याने चूक केली होती, मी खोटं बोलले होते.

शब्द कठोर वाटतो का? लिनक्स कर्नलच्या नियमावलीत 'रिव्ह्यूड-बाय' ही ओळ लिहिणं म्हणजे एक निवेदन करणं आहे, असं स्पष्ट लिहिलेलं आहे: मी तांत्रिक तपासणी केली आहे, शंका लेखकाला कळवल्या आहेत, आणि हा बदल योग्य असून त्यात मला माहीत असलेला दोष नाही. हमी नव्हे, पण साक्ष आहे. नुसती संमती द्यायची तर 'अ‍ॅक्ड-बाय' आहे, चालवून बघितलं असेल तर 'टेस्टेड-बाय' आहे. प्रत्येक शब्दाला वजन दिलेलं आहे. न वाचता साक्ष देणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते मी सांगायला नको.

आता आपल्याबद्दल. मंडळाच्या स्नेहसंमेलनात, दिवाळी फराळाला, आपण एकमेकांना विचारतो: "किती लोक आहेत हाताखाली?" "कुठलं प्रॉडक्ट तुझं?" "एखाद्याचं काम वाचून कधी थांबवलंस का?" असं कुणी कुणाला विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. चुका काढणारा म्हणजे खडूस, कुजका, दुसऱ्याचं चांगलं न बघवणारा, असं आपण लहानपणापासून ठरवून टाकलेलं आहे. शिवाय परदेशात संबंध सांभाळून राहायचं असतं. पॅच आपल्याच गावच्या मुलाने पाठवलेला असेल तर आणखी संकोच. पण त्या मुलाचं भलं कशात आहे? त्याची चूक तुमच्याकडून त्याला कळण्यात, की वर्षभराने कुणा अनोळखी हल्लेखोराकडून?

म्हणून तुमच्याकडे चार मागण्या. 'एलजीटीएम' लिहिणं थांबवा. त्याऐवजी काय तपासलं आणि काय तपासलं नाही, ते दोन ओळींत लिहा. 'पाच पातळ्यांची रचना बघितली नाही' असं लिहिण्यात कमीपणा नाही. पुढच्या वाचणाऱ्याला त्यामुळे कळतं की कुठून सुरुवात करायची. दुसरं, दुरुस्ती वाचताना ती कुठल्या गृहीतकावर उभी आहे ते शोधा आणि तेच गृहीतक आणखी कुठे वापरलं आहे ते बघा. तिसरं, तुमच्या हाताखाली माणसं असतील तर यंदाच्या मूल्यमापनात प्रत्येकाला विचारा, की तू काय अडवलंस? आणि उत्तराला गुण द्या. चौथं, तुम्ही विद्यापीठात असाल, नेमणुकीच्या समितीवर असाल, तर तो रकाना उघडा.

मराठी पुस्तकाच्या श्रेयपानावर, दिवाळी अंकाच्या सुरुवातीला, लेखक, संपादक, चित्रकार यांच्या खाली पुष्कळदा एक बारीक ओळ असते: मुद्रितशोधन, आणि पुढे एक नाव. आपल्याकडे पूर्वीपासून हे शहाणपण आहे की जो चुका काढतो तोही ते पुस्तक करतो. पुढच्या वेळी कुणाच्या दुरुस्तीखाली तुमचं नाव लिहायला जाल, तेव्हा ती ओळ आठवा, हात मागे घ्या आणि कोड पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचा.